सुखाचा आख

मिरजेच्या एका वाचकानं विचारलंय: "मुलगा पुण्यात खुश आहे" आणि "सुखी आहे" यांत फरक आहे का? शिवाय एका व्याख्यानात ऐकलं की आधी यश मिळवा, सुख मागून येतं. हे खरं का?

फरक आहे. आणि 'खुश' नव्हे, 'खूश'. मराठीत लिहायचा तर ऊ दीर्घ. हल्ली सांगली स्टँडपासून मंगल कार्यालयापर्यंत जो तो खूश. फारसी शब्दावर माझा राग नाही, पण भजी गरम मिळाली तरी खूश आणि तीस वर्षांचा संसार नीट झाला तरी खूश? आमच्या गल्लीतली म्हातारी माहेरवाशिणीला अजून "सुखात हाईस न्हवं?" असंच विचारते. तिला त्या दिवसाचा मूड विचारायचा नसतो.

'सुख'चे नेहमीचे अर्थ कोशात बघा. मला बोलायचंय ते त्यातल्या 'ख'बद्दल. ख म्हणजे भोक. चाकाच्या तुंब्यातलं, म्हणजे मधल्या गाभ्यातलं, ज्यात आख (चाक फिरतं तो दांडा) बसतो ते. ते नीट कोरलेलं असेल तो रथ 'सुख'. ऋग्वेदात शब्द भेटतो तो रथाचं विशेषण म्हणून, ऋभू या देवांच्या कारागिरांनी अश्विन या जुळ्या देवांसाठी घडवला तो 'सुखं रथम्' (1.20.3). 'दुःख' तिथं नाहीच, ते मागाहून जोडीला आलेलं.

आमच्या आजोबांची उसाची गाडी होती. तुंबा कुरकुरला की ते भर रस्त्यात उतरायचे, काठीच्या टोकानं वंगण घालायचे, चाक हलवून बघायचे. बैल तेच, ऊस तेवढाच, पण पुढची चाल वेगळी. तेव्हा सुख आधी. कारखान्यावर पोचलं की भोक आपोआप सरळ होईल म्हणणाऱ्या व्याख्यात्यांनी आष्ट्यापासून एकदा गाडी हाकून बघावी.

वेदातल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे प्राचीन निरुक्तकार यास्क 'ख'चा अर्थ इंद्रियं घेतात: इंद्रियांना हितकर ते सुख. चालेल, तीही शरीराची भोकंच. पण मोनिअर-विल्यम्स 1899 च्या संस्कृत-इंग्रजी कोशात रथाची व्युत्पत्ती देऊन वर 'सुस्थ'चं (नीट असलेला) प्राकृत रूप असावं अशी पुस्ती जोडतात, ती मला पटत नाही. 'स्थान'चं प्राकृतात 'ठाण' झालं, आपलं ठाणं त्यातलंच. स्थ चा ख होतो तो 'स्थाणु'चा (म्हणजे खुंट, शिवाय शंकराचंही नाव), 'खाणु'. तिथंही व्याकरणकारांना खास सूत्र करावं लागलं, आणि त्यात शंकराचं नाव असेल तर होत नाही अशी अट! अपवादाच्या खुंटीवर एवढा मोठा शब्द टांगायचा?

आनंद वेगळा, तो नंद् धातूचा. त्याचं पुन्हा केव्हातरी.

माझा एक लाडका तर्क मात्र सांगतोच. मराठीत रथ अजून मोडलेला नाही. साताऱ्याला एसटीतून उतरल्यावर आपण घरी फोन करतो तेव्हा खूश पोचलो म्हणत नाही, 'सुखरूप पोचलो' म्हणतो.