बागेत गांधीलमाश्या आणि मकरंद पिणारे इतर कीटक यावेत म्हणून कोणती झाडं लावावीत?

बहुतेक गांधीलमाश्यांचं तोंड आखूड असतं. मकरंद खोल नळीत असेल, तर फूल कितीही देखणं असो, त्यांच्या कामाचं नाही. एक्झोरा, पेंटास फुलपाखरांसाठी ठीक आहेत. तुम्हाला हवीत उथळ, उघडी, बारीक फुलं. म्हणजे आधी बडीशेप, शेपू आणि कोथिंबीर. यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यात मकरंद उघड्यावरच असतो. त्यावर मोठ्या गांधीलमाश्या तर येतातच, शिवाय पतंगांच्या अंड्यांत किंवा अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या परजीवी जातीही येतात. सिरफिड माश्याही येतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) फस्त करतात.

धणे हलके रगडून फोडा, सेंटिमीटरभर खोल पेरा आणि विरळणी करून दोन रोपांत 10-15 सेंमी अंतर ठेवा. बडीशेपेला 30 सेंमी तरी द्या आणि ती जागच्या जागीच पेरा. सोटमूळ दुखावलं की रोप खुरटतं. ऊन रोज सहा तास हवं. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर जाते. पाल्यासाठी तो तोटा, इथे मात्र तेच हवंय.

फसतं ते दोन ठिकाणी. एक, पाला खुडत राहिल्यामुळे फुलोरा येतच नाही. म्हणून काही रोपं फुलांसाठी राखून ठेवा. दुसरं, सगळं एकदम पेरलं की बहरही एकदम संपतो. दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं पेरत जा. युरिया टाळा, नुसता पाला माजतो.

दोन बहरांच्या मधल्या काळात चवळी आणि एरंड उपयोगी पडतात. चवळीच्या फुलांच्या दांड्यावर आणि एरंडाच्या पानांच्या देठावर मकरंदाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे फूल नसतानाही खाऊ मिळतो. मुंग्याही येतील, ते गृहीत धरा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, त्यांवर मधमाश्या खूप येतात. गच्च पाकळ्यांचा झेंडू मात्र या कामी जवळपास निरुपयोगी. लावायचाच तर एकेरी पाकळ्यांचा.

इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक मातीत घातलं, तर ते मकरंदातही उतरतं आणि बोलावलेले पाहुणेच मरतात. वाफा बसण्याच्या जागेपासून तीन-चार मीटर दूर ठेवा. घरात कुणाला दंशाची ॲलर्जी असेल, तर आणखी लांब.