सही मराठीत, कागद कन्नडात

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ मराठी शाळेत दहावी झाला, आता गॅरेजमध्ये जातो. लष्कराच्या मराठा सेंटरच्या भरतीसाठी रोज पहाटे उठून पळतो. बारा दिवसांपूर्वी गावातल्या दोन मोठ्या पोरांनी त्याला गाडीवरून नेलं, आणि शेतातल्या मोटारींच्या केबली चोरल्या म्हणून तिघंही पकडले गेले. भावाला रात्रभर ठाण्यात बाकावर बसवलं, कानाखाली मारलं, चार कन्नड कागदांवर सह्या घेतल्या. आधारवर जन्मसाल एक वर्ष आधीचं पडलंय, त्यामुळे "हा अठराचा झालाय" म्हणत होते. शाळेचा दाखला नेऊन दिला तेव्हा दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळापुढे नेलं. त्याच दिवशी जामीन मंजूर झाला, पण जामीनदाराचा उतारा लागतो म्हणाले. जमीन वारलेल्या आजोबांच्या नावावर, बाबा गोव्यात कामाला. तो अजून निरीक्षणगृहातच आहे. भेटायला गेले तर एवढंच म्हणाला, "अक्का, मी कशावर सही केली?" त्या सह्यांचं काय होईल? तो सुटेल ना? आणि भरतीचं आता संपलंच का?
— एक बहीण

उत्तर : पोरी, आधी त्याला घरी आणायचं बघू. सह्यांचं नंतर बोलू, पण ते विसरायचं नाही.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १२ म्हणतं की मुलाला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय सोडता येतं, किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली देता येतं. सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्यावर काही संकट येईल किंवा न्यायाच्या कामात अडथळा होईल, असं मानायला सबळ कारण असेल तरच जामीन नाकारायचा. तुमचा तर मंजूर झालेला आहे, अडलंय ते उताऱ्यापाशी. त्याच कलमात पुढे लिहिलंय की जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणलं पाहिजे. तुमचे सात दिवस कधीच उलटले.

उद्याच खानापूरच्या कोर्टात जा आणि तालुका विधी सेवा समिती कुठे बसते ते विचार. मुलाला वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणून दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालू नकोस. वकिलाकडून एक पानी अर्ज करून घे : जमीन मयत आजोबांच्या नावावर, वारसा लागलेला नाही, वडील गोव्यात, आई घरी; आईच्या हमीपत्रावर मुलाला सोडावं. आपल्याकडं निम्म्या घरांचे उतारे आजोबा-पणजोबांच्याच नावावर आहेत. त्यापायी सतरा वर्षांचं पोर बारा-बारा दिवस अडकून पडतं, हे मला अजूनही सहन होत नाही.

शाळेचा दाखला नेलास हे फार शहाणपणाचं केलंस. वय ठरवताना बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पंचायत-पालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्यात आधार कुठेच येत नाही. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या खटल्यात म्हटलंय. आपल्या खेड्यांत गुरुजींनी सरसकट १ जून टाकलेली असते. तशी असली तरी घाबरू नकोस, कायदा आधी तोच दाखला बघतो. मूळ प्रत घरी ठेव, झेरॉक्स दे.

आता सह्यांचं. मुलाला कोठडीत ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, गुन्हा कबूल करायला भाग पाडायचं नाही आणि कुठल्याही जबाबावर त्याची सही मागायची नाही, असं याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत पोलिसांना स्पष्ट सांगितलंय. शिवाय पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोणाहीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, मग तो मोठा माणूस का असेना. तरी त्या चार कागदांत पंचनामाही असू शकतो. म्हणून वकिलामार्फत सगळ्याच्या नकला मागा. आणि मारल्याचं मंडळाला सांगा, वैद्यकीय तपासणी मागा. मुलावर अत्याचार झाल्याची तक्रार आली तर एफआयआर नोंदवायचा आदेश देण्याचा अधिकार मंडळाला आहे. "आता कशाला वाढवायचं" म्हणून गप्प बसू नका. अंगावरचे वळ चार दिवसांत जातात, मग कोणाला दाखवणार?

तुझ्या भावाचं ते वाक्य वाचलं आणि मला माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला निपाणीकडचा एक मुलगा आठवला. जबाब अख्खा कन्नडात, आणि खाली त्यानं शिरोरेषा ओढून स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहिलेलं. त्याखाली "इयत्ता नववी, तुकडी ब". पेपरावर नाव लिहायची सवय, तसंच तिथंही लिहिलं. वर काय लिहिलंय विचारलं तर म्हणाला, "सायब म्हणले, नाव लिही, घरी जाशील." त्या दिवशी मंडळावरच्या एका कन्नडभाषक समाजसेविका खुर्ची सोडून त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी तो जबाब त्याला ओळ न् ओळ सांगितला. तिसऱ्या ओळीला तो म्हणाला, "हे मी बोललोच नाही."

आपली मुलं शाळेत कन्नड शिकतात, बाजारात बोलतात. पण पोलिसी कन्नड वेगळं असतं, तेही रात्री, भेदरलेल्या पोराला कुठून उमगणार? आपल्या भागात भाषेचं नाव काढलं की लोकांना मोर्चे आठवतात. मी ते बोलत नाहीये. बेळगावात मराठी पोराला जे हवं, तेच कोल्हापुरात पकडलेल्या कन्नड पोरालाही हवं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारतानं १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम ४० प्रमाणे कामकाजाची भाषा न समजणाऱ्या मुलाला फुकट दुभाषी मिळाला पाहिजे. आपल्या राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तेव्हा पुढच्या तारखेला आईनं उभं राहून म्हणावं, "माझ्या मुलाला मराठीत समजावून सांगा." चांगली माणसं तिथं असतात, पण त्यांना विचारावं लागतं.

भरतीचं संपलेलं नाही. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, म्हणजे बाल न्याय कायद्यात तो किरकोळ गुन्हा. मात्र एफआयआरमध्ये नेमकी कोणती कलमं लावलीत ते वकिलाला बघायला सांग. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, वाढवून दिली तर आणखी दोन महिन्यांत संपली नाही, तर ती बंदच होते. मोठ्या दोघांचा खटला वेगळ्या कोर्टात चालेल. कलम २४ प्रमाणे मंडळाच्या निर्णयामुळे मुलाला पुढं कसलीही अपात्रता येत नाही, आणि प्रकरण निकालात निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ते उघड करायचं नाही, असं कलम ७४ सांगतं. भरतीचा फॉर्म मात्र वकिलाला दाखवूनच भरा, मनानं काही लपवू नका.

त्याच कलमानं त्याचं नाव-फोटो छापायलाही बंदी आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी टाकला असेल तर आजच काढायला लाव.

तुला कन्नड वाचता येत असेल तर पुढच्या भेटीला कागदांच्या नकला घेऊन तूच जा. त्याच्याशेजारी बस, एकेक ओळ मराठीत सांग आणि चुकीच्या ओळीवर त्याला बोट ठेवू दे. ती ओळ पेन्सिलीनं खूण करून वकिलाकडे दे. आणि तो परत यायला आणखी चार दिवस लागणार असतील, तर पहाटे आवारात पळायला मिळेल का, ते अधीक्षकांना विचार. त्याचे बूट सोबत ने.