फोन जमा करायचा, पण ठेवायचा कुठे?

जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडल्या आणि विद्यार्थ्यांच्या मोबाइलविषयीची पत्रं यायला लागली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : आठवी ते दहावी मिळून आमच्याकडे रोज नव्वदेक फोन येतात. सकाळी ऑफिसात टेबल लावून शिपाई जमा करून घेतो. रांगेतच अर्धा तास जातो. मागच्या आठवड्यात एक फोन सापडेना, आणि एका पालकाचं म्हणणं की स्क्रीन शाळेत फुटली. सरळ बंदीच घालावी का? (मुख्याध्यापक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : बंदी घाला, पण फोन यायचे थांबणार नाहीत. फक्त ते टेबलाऐवजी मोज्यात, डब्यात आणि सायकलच्या सीटखाली जातील. आधी जमा करण्याची पद्धत नीट बसवा.

नाव विचारणं, लिहिणं, ठेवणं यात एका फोनला वीस सेकंद धरली तरी नव्वद फोनांना तीस मिनिटं लागतात. एका टेबलावर हे गणित सुटणार नाही. ते वर्गावर न्या. हजेरी घेताना मुलानं स्वतः उठून आपल्या हजेरी क्रमांकाच्या खणात फोन ठेवायचा, वर्गशिक्षकांनी हजेरीपत्रकातच शेजारी खूण करायची. तीस फोन पाच मिनिटांत होतात.

खिशांचा कापडी पडदा बऱ्याच शाळा शिवून घेतात. भिंतीवर तो छान दिसतो, पण मधल्या सुट्टीत आणि खेळाच्या तासाला वर्ग रिकामा असतो, आणि घडी घालून कपाटात ठेवला की फोन एकमेकांवर दाबले जातात. त्यापेक्षा गावातल्या सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्या. आतून ३४ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद, १८ सेंमी खोल. चार मिलिमीटरच्या पट्ट्यांनी दहा-दहाच्या तीन ओळी पाडल्या की ३ × ९.५ सेंमीचे तीस खण होतात आणि कव्हरसकट फोन उभा बसतो. पट्ट्यांची उंची १२ सेंमीच ठेवा, म्हणजे फोनचं डोकं वर राहतं आणि काढताना ओढाताण होत नाही. तळाला जुन्या सतरंजीचा तुकडा, वर झाकण, कडी, कुलूप. भरल्यावर आठ-नऊ किलो होते, मोठा माणूस एकटा उचलतो. पेटी ऑफिसच्या लोखंडी कपाटात जाईल. किल्ली एकाकडे, दुसरी मुख्याध्यापकांकडे.

कपाट टिनाच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला नको. बंद फोन ठेवायलाही कंपन्या साधारण ४५ अंशांच्या आसपासची मर्यादा देतात, आणि आपल्याकडे एप्रिलात बाहेरच पारा तिथे पोचतो. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर तो फोन पेटीत घेऊच नका. बॅटरी फुगलेली असते, दाब पडला तर पेट घेऊ शकते. तो पालकांकडे पाठवा.

स्क्रीनचे वाद सत्राच्या सुरुवातीलाच मिटवता येतात. फोन आणणाऱ्या प्रत्येकाची एकदाच नोंद करा : कंपनी, रंग, आधीचा तडा कुठे आहे, आणि *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असलेला ओळख क्रमांक. खाली पालकाची सही. आयएमईआय दोन कामांना येतो. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. शिवाय पोरं घरातला मेलेला फोन जमा करून चालू फोन खिशात ठेवतात, ते अधूनमधून चार-पाच फोन सुरू करून क्रमांक पडताळले की उघडं पडतं.

फोन सायलेंट नको, बंदच हवा. सायलेंटवरही अलार्म वाजतो. काही जुन्या कीपॅड फोनांत तर बंद असतानाही वाजतो, तो अलार्मच काढून टाकायला सांगा.

‘शाळा जबाबदार नाही’ हा फलक लावून मात्र सुटका नाही. वस्तू ताब्यात घेतली की स्वतःच्या वस्तूइतकी काळजी घेणं आलंच, १८७२ चा करार कायदा तेच सांगतो. कुलूप, नोंद आणि सही हीच तुमची बाजू.

शेवटचं, आणि पद्धत मोडते ती बहुधा इथेच : परत देणं. पाच वाजता घंटा आणि पाच-दहाची गाडी असेल तर शेवटचा तास संपायच्या दहा मिनिटं आधी पेट्या वर्गात पोचल्या पाहिजेत. एकदा कोणाची गाडी चुकली की दुसऱ्या दिवसापासून तो फोन जमा करत नाही, आणि त्याचं बघून बाकीचेही.

प्रश्न : आमची पोरगी नववीत हाये. लाल गाडीनं येनंजानं करते. गाडी नाही आली त तिनं कोनाले सांगाव? मास्तर म्हनते फोन आनू नका. (पालक, ता. मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, आणि शाळेनं आधी तिचं उत्तर द्यायला हवं. मुलीचा फोन दिवसभर जमा राहून शेवटच्या घंटेला हातात आला तर स्टँडवर तो तिच्याजवळच असेल. तसं होत नसेल, तर शाळेकडे या तीन गोष्टी मागा.

एक, शाळेचा साधा कीपॅड फोन, शेवटची गाडी जाईपर्यंत कोणाच्या तरी हाती. हजार-दीड हजारात येतो. त्याचा रिचार्ज कोण करणार, हे नावानिशी ठरवून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत रिचार्ज संपतो, इनकमिंग बंद पडतं आणि पालकांना कळत नाही. दोन, हा नंबर आणि आगारातल्या वाहतूक नियंत्रकाचा नंबर मुलींच्या ओळखपत्रामागे. मानव विकास योजनेच्या, मुलींसाठीच्या निळ्या एसटीनं येणाऱ्यांनाही नियंत्रकाचाच नंबर लागतो. तीन, घरचा नंबर मुलीला तोंडपाठ हवा. फोनमध्ये ‘आई’ दाबायची सवय झालेल्या मुलांना आईचे दहा आकडे सांगता येत नाहीत. हे काम मात्र घरचं.

प्रश्न : वर्गात फोन सापडला तर आम्ही सत्र संपेपर्यंत ठेवून घेतो आणि पाचशे रुपये दंड घेतो. पालक भांडायला येतात. काढून घेण्याचा अधिकार आम्हाला आहे की नाही? आतले फोटो तपासता येतात का? (शिक्षक, ता. रिसोड, जि. वाशीम)

उत्तर : काढून घेता येतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सरसकट बंदी नाकारली, पण फोन जमा करून घेणं, वर्गात वापर न करू देणं आणि नियम मोडल्यास काढून घेणं योग्य ठरवलं. नियम पालक-शिक्षकांशी बोलून करा, असंही सांगितलं. तो निकाल महाराष्ट्रातल्या शाळांवर थेट बंधनकारक नाही, पण नियमावलीचा मसुदा करायला त्याच्याइतका चांगला आधार नाही.

सत्रभर ठेवणं मात्र चुकीचं. खेड्यात तो फोन बहुतेक वेळा पोराचा नसतोच, घरातला एकमेव असतो. बँकेचा ओटीपी, पीएम किसानची ई-केवायसी, मजुरीचा निरोप, सगळं त्याच नंबरवर. पालकांना बोलावतानाही हंगाम बघा. सोयाबीन कापणीत किंवा कापूस वेचणीत शाळेत येणं म्हणजे एक रोज बुडणं. त्याच संध्याकाळी नोंद करून फोन परत द्या. दुसऱ्यांदा घडलं तर पालकांना फोनवर कळवून त्या मुलाची फोन आणण्याची परवानगी महिनाभर काढा. दंड थांबवा. उठाबशा आणि वर्गासमोर अपमान यांना आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मनाईच आहे, नववी-दहावीतही ते करू नये.

गॅलरी उघडू नका. दप्तर बघायची वेळ आली तर दोन शिक्षकांसमोर बघा, मुलींचं फक्त शिक्षिकांनी.

एखाद्या मुलीचा आक्षेपार्ह फोटो किंवा व्हिडिओ फिरतोय असं कळलं, तर ‘पुरावा म्हणून’ तो स्वतःच्या फोनवर घेऊ नका. चांगल्या हेतूनं पुढे पाठवणाराही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बी खाली अडकू शकतो. डिलीटही करायला लावू नका, पुरावा जातो. फोन बंद करून, पाकिटात सील करून मुख्याध्यापकांकडे द्या, मुलीच्या पालकांना कळवा आणि पोलिसांत जा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या गुन्ह्याची खबर देणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. ऑनलाइन पैशांची फसवणूक असेल तर १९३०.

प्रश्न : फोनबंदीनं निकाल सुधारतो का? ठराव समितीनं घ्यावा की ग्रामसभेनं? (अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, जि. बुलडाणा)

उत्तर : थोडा सुधारू शकतो, आणि मागे पडलेल्या मुलांचा जास्त, पण सगळीकडे तसं दिसलेलं नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या २०१५ च्या अभ्यासात इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळा होत्या. बंदीनंतर गुण वाढले, सर्वांत कमी गुणांच्या मुलांचे सरासरीच्या दुपटीहून अधिक, हुशारांना फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला तेव्हा परिणाम दिसला नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२५ च्या अभ्यासातही कडक नियमांच्या आणि सैल नियमांच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही, कारण दिवसभराचा एकूण वापर फारसा घटलेलाच नव्हता. शाळेतले सहा तास वाचले, घरचे तसेच राहिले.

म्हणून ठराव दोन्हीकडे हवा, पण वेगवेगळा. आठवीपर्यंतच्या शाळेचा नियम तुमच्या समितीत घ्या. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, ते हात वर करतात तेव्हा नंतरची भांडणं कमी होतात. हायस्कूलमध्ये पालक-शिक्षक संघ. संध्याकाळचा विषय ग्रामसभेचा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. आमचा कल वडगावकडे आहे. दीड तास मोठ्यांनाही पाळता येतो. आणि मोठ्यांनी नाही पाळला तर पोरं का पाळतील?

प्रश्न : मेळघाटातल्या आश्रमशाळेत मुलं महिनोन्महिने राहतात. फोन काढून घेतले तर घरी बोलणार कसं? (अधीक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती)

उत्तर : वेळ बांधून द्या. दोनशे मुलं, चार साधे फोन, प्रत्येकी सात मिनिटं : सगळे मिळून जेमतेम सहा तास. शनिवार-रविवार विभागा. ज्या गावात रेंज नाही तिथल्या मुलांचा दिवस आठवडी बाजाराचा ठेवा, आईबाप बाजाराला रेंजमध्ये आलेले असतात. बोलताना मोठ्या माणसानं बाजूला उभं राहू नये. घरी सांगण्यासारखं काही चुकीचं घडत असेल तर मूल ते अधीक्षकांसमोर बोलणार नाही.

प्रश्न : सर फोन घेऊन घेतात आणि होमवर्क व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. आम्ही काय करायचं? (विद्यार्थिनी, बारावी, जि. भंडारा)

उत्तर : तुझं बरोबर आहे. ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या ‘असर’ २०२४ पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. होमवर्कसाठी उघडलेला फोन रीलवर जातो तो असा. गृहपाठ फळ्यावरच लिहून मिळावा, असा अर्ज वर्गातल्या सगळ्यांच्या सह्यांनी प्राचार्यांना द्या. पुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ शिक्षकांना सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर आदल्या दिवशी डाउनलोड करून, स्पीकर जोडून सगळ्या वर्गाला दाखवता येतात, नेट नसलं तरी.

प्रश्न : मग मास्तरांच्या फोनचं काय? (अनेक पत्रं)

उत्तर : हजेरी, यू-डायस (शाळेच्या माहितीची सरकारी नोंद), पोषण आहाराची रोजची माहिती, सगळं शासन त्यांच्याच फोनवर मागतं, त्यामुळे तो शाळेत लागतोच. वर्गात नाही लागत. माहिती भरायची वेळ मधल्या सुट्टीनंतरची ठरवा, तासाला शिक्षकांचे फोन ऑफिसात राहू द्या, आणि ही ओळ मुलांच्या नियमावलीच्या त्याच कागदावर छापा.