आकडे शिकावेत की गाव?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. तिला सरकारी धोरणांच्या क्षेत्रात जायचंय. मी ग्रामसेवक आहे. वरून आकडे कसे मागवतात आणि खालून ते कसे भरले जातात, हे मला चांगलं ठाऊक आहे. ती म्हणते, आकड्यांशिवाय धोरण म्हणजे अंदाजपंचे कारभार. मी म्हणतो, आधी गाव बघ. तिने संख्याशास्त्र सोडून समाजकार्याकडे वळावं का?
– एक वडील, सोलापूर जिल्हा

उत्तर : नमस्कार. संख्याशास्त्र मुळीच सोडू नये.

तुमच्या घरातला वाद गडचिरोलीत कसा सुटला ते बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. बाळाचा न्यूमोनिया श्वास मोजून ओळखता येतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. पण बाळाजवळ डॉक्टर नसतो, दाई असते, आणि तिला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही. मग मण्यांचं एक साधन केलं, सोबत मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. हे ३९ गावांत केलं आणि तुलनेसाठी दुसऱ्या ४७ गावांवर लक्ष ठेवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती ४७ गावं नसती, तर दिल्लीतल्या साहेबांनी 'छान काम चाललंय' म्हणून फाईल मिटली असती. आणि घरात झालेले जन्म-मृत्यू गावातून नीट नोंदले गेले नसते, तर छापायला आकडाच नसता.

२०११ मध्ये ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली गेली. तिथे तिसरंच ज्ञान लागलं : ४२ दिवसांत किती भेटी (दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा, घरी झालं तर सात), कोणता तक्ता भरायचा, मोबदला किती आणि तो कधी. हे कारकुनी वाटतं, पण योजना बहुतेक वेळा इथेच अडते. हे ज्ञान तुमच्याकडे आहे, आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात धड शिकवत नाहीत.

आता पर्याय. लोकसंख्या आणि आरोग्यात रस असेल तर मुंबईत देवनारची आयआयपीएस (लोकसंख्या विज्ञानाची राष्ट्रीय पातळीवरची संस्था), अर्थशास्त्राकडे कल असेल तर पुण्याची गोखले संस्था. पदव्युत्तर धोरण अभ्यासासाठी आयआयटी मुंबईतलं केंद्र आहे. स्थिर सरकारी नोकरी हवी असेल तर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा द्यावी. संख्याशास्त्राच्या मुलांना ती सोयीची आहे, तरी आपल्याकडे सगळ्यांना फक्त कलेक्टर व्हायचं असतं. संस्थांमधल्या फेलोशिप बहुधा कंत्राटी असतात, पगार बेताचा, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. गावात राहून शिकायचं असेल तर 'सर्च'चाच 'निर्माण' हा युवा उपक्रम आहे.

समाजकार्याची पदवी घेण्यापेक्षा या सुट्टीत तिला तुमच्याबरोबर कार्यालयात बसवा. एखादा वार्षिक अहवाल दोघांनी मिळून भरा, आणि त्यातले कोणते रकाने दरवर्षी अंदाजाने भरले जातात, ते तिला खरंखरं दाखवा. पुढच्या शिक्षणासाठी प्रकल्पाचा विषय तिला तिथेच सापडेल.