बालसंगीतवर्गाची फ्रँचायझी विकताना

प्रश्न : गेली सहा वर्षे मी लहान मुलांच्या संगीतवर्गांची फ्रँचायझी चालवते आहे. ती आता विकायची आहे. सुरुवात कोठून करावी आणि किंमत कशी ठरवावी?

उत्तर : जाहिरात देण्यापूर्वी मूळ कंपनीशी झालेला करार पुन्हा वाचा. नाव आणि अभ्यासक्रम सहसा कंपनीच्याच मालकीचे असतात. आपण विकता तो उरलेल्या मुदतीपुरता वर्ग चालवण्याचा हक्क, आणि तोही बहुतेक करारांत कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. हस्तांतरण शुल्क किती, खरेदीचा पहिला हक्क कंपनीकडे आहे का, विक्रीनंतर आपल्याला असेच वर्ग काढण्यास मनाई आहे का, हे तेथेच कळेल. मुदत वर्षभरच उरली असेल, तर नूतनीकरणाबद्दल कंपनीचे लेखी उत्तर येईपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे.

किमतीसाठी डफ-खुळखुळे मोजत बसू नका. आपण स्वतः शिकवत असाल, तर त्या कामासाठी शिक्षक नेमल्यास द्यावा लागणारा पगार नफ्यातून आधी वजा करा. अनेकांचा नफा येथेच विरघळतो. या वयाची मुले लवकरच वर्गातून मोठी होऊन जातात, त्यामुळे आजच्या पटापेक्षा दर सत्राला किती नवी मुले आली आणि किती टिकली, याच्या नोंदी खरेदीदाराला अधिक पटतात. पालकांनी आगाऊ भरलेले शुल्क मात्र उत्पन्नात धरू नका. जे तास नवा मालक घेणार, त्यांची रक्कम त्याच्याकडे कशी वळती होईल, हे विक्रीकरारातच लिहून घ्या.