हप्त्याचे गणित आधी मांडा
कॉम्प्युटर इंजिनीअरिंगसाठी दरवर्षी 2 लाख याप्रमाणे 8 लाखांचे कर्ज 10 टक्के दराने उचलले आणि शिक्षण संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू झाले, तर तोवर सरळव्याजानेही 10.8 लाखांचा बोजा होतो आणि दहा वर्षे महिना सुमारे 14,270 रुपयांचा हप्ता बसतो. साडेतीन लाखांच्या पॅकेजवर पुण्यातले खोलीभाडे आणि मेस भागवून तो फेडताना नाकी नऊ येतात. म्हणून महाविद्यालयाच्या फलकावरील सर्वोच्च पॅकेजला (ते बहुधा एखाद्याच मुलाचे असते) न भुलता पगाराच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याचा पगार विचारा. घरून जमत असेल तर शिकतानाच आणि नंतरच्या वर्षभरातही व्याज भरत राहा. मुद्दल 8 लाखांवरच राहून हप्ता साधारण 10,570 रुपयांवर येतो. शैक्षणिक कर्जासाठीची प्राप्तिकरातील वजावट फक्त व्याजावर आणि जुन्या करप्रणालीतच मिळते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.