एकाच पाकिटातले बी, दोन गावांची फरसबी

फरसबीविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेत आहोत. पहिल्या दोन पत्रांतील प्रश्न मुळात एकच असल्याने त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमचे सासर पुरंदर तालुक्यात आणि माहेर रोह्याजवळ आहे. मी दादरच्या एकाच दुकानातून एकाच वाणाचे बी घेऊन दोन्हीकडे दिले. सासवडकडे जुलैत पेरलेल्या फरसबीने भरभरून शेंगा दिल्या. रोह्याला फेब्रुवारीत पेरले, झाडे जोमाने वाढली, फुलेही आली, पण शेंगा बोटांवर मोजण्याइतक्या धरल्या. बी भेसळीचे होते का?
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : बी भेसळीचे असते तर सासवडलाही त्याचे रंग दिसले असते, त्यामुळे दुकानदाराला दोष देण्याचे कारण दिसत नाही. फरसबीला साधारण १६ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि पारा तिशीच्या वर राहू लागला की फूलगळ सुरू होते. नुकसान मात्र फूल उमलते त्या दिवशी होत नाही, त्याच्या आठ-दहा दिवस आधीच झालेले असते, कारण कळीच्या आत परागकण तयार होण्याचा काळ तोच असतो. त्या काळात उष्णता झाली, विशेषतः रात्रीही उकाडा राहिला, तर परागकण निकामी होतात. मग वरून टवटवीत दिसणारे फूल देठासकट गळते, किंवा शेंग धरलीच तर एक-दोन दाण्यांची, आकड्यासारखी वाकडी होते. फेब्रुवारीत पेरलेली बुटकी फरसबी मार्चच्या उत्तरार्धात फुलावर येते, आणि तेव्हा कोकणातली रात्र पुरंदरच्या पठारावरच्या पावसाळी रात्रीसारखी गार नसते. भातकापणीनंतर, नोव्हेंबरमध्ये, पाण्याची सोय असलेल्या वाफ्यात हेच बी पेरून पाहा.

यात एक गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते, ती म्हणजे वाणाची निवड कोणत्या हवेत झाली. आपल्याकडचे ‘अर्का’ नावाचे वाण बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने दिले आहेत. ‘अर्का सुविधा’ हा ‘ब्ल्यू क्रॉप’ आणि ‘कंटेंडर’ यांच्या संकरातून आला आणि ‘अर्का अनूप’ हा ‘अर्का बोल्ड’ आणि ‘अर्का कोमल’ यांच्या. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथे निवडलेली झाडे पठारावर रमली तर नवल नाही, आणि कोकणातला मार्च ही त्यांची परीक्षाच नव्हती.

प्रश्न : कृषी प्रदर्शनात एका वाणाबद्दल ‘स्थिर उत्पादन देणारा’ असे लिहिले होते. सरासरी उत्पादन मात्र शेजारच्या वाणाइतकेच होते. मग स्थिर म्हणजे नेमके काय आणि ते मोजतात कसे?
— एक वाचक, दादर

उत्तर : सरासरी पुष्कळ काही लपवते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. तीन ठिकाणी चाचणी झाली आणि सर्व वाणांची सरासरी अनुक्रमे हेक्टरी १२, ९ आणि ६ टन आली, म्हणजे पहिले ठिकाण अनुकूल आणि तिसरे प्रतिकूल. ‘क’ वाणाने तेथे १४, १० आणि ३ टन दिले, ‘ख’ वाणाने १०, ९ आणि ८. दोघांची सरासरी ९ टनच. आता ठिकाणाची सरासरी आडव्या अक्षावर आणि वाणाचे उत्पादन उभ्या अक्षावर मांडून रेषा काढली, तर ‘क’चा उतार सुमारे १.८ येतो आणि ‘ख’चा सुमारे ०.३. उतार १ म्हणजे ठिकाण जसे सुधारते तसा वाण इतरांबरोबरच सुधारतो, १ पेक्षा जास्त म्हणजे चांगल्या हवेचा तो जास्त फायदा घेतो आणि वाईट हवेत जास्त कोसळतो. ही रीत फिनले आणि विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील बार्लीवर वापरली. १९६६ मध्ये एबरहार्ट आणि रसेल यांनी तिच्यात भर घातली, की नुसता उतार पुरेसा नाही, वाणाचे आकडे त्या रेषेला किती चिकटून राहतात तेही पाहावे. रेषेपासून दूर उड्या मारणाऱ्या वाणाबद्दल पुढच्या वर्षीचा अंदाज बांधता येत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. सर्वत्र सारखेच कमी देणाऱ्या वाणाचाही उतार लहान येतो, म्हणून ‘स्थिर’ हा शब्द सरासरीशिवाय वाचू नये. आमच्या मते शेतकऱ्याने विक्रेत्याला विचारावे ते असे : सर्वांत वाईट ठिकाणी याने किती दिले, आणि ते ठिकाण माझ्या गावासारखे आहे का? विहिरीला बारमाही पाणी असलेल्या बागायतदाराला ‘क’ परवडेल. ज्याचा हप्ता एका तोड्यावर अवलंबून आहे त्याने ‘ख’ घ्यावा.

असा वाण घडवण्याला वर्षे लागतात याचे कारणही यातच आहे. फरसबी स्वपरागी असल्याने संकरानंतर सहा-सात पिढ्यांत गुण बऱ्यापैकी पक्के होतात, पण एकाच शेतात निवड केली तर त्या शेताचीच सवय झाडांत मुरते. गव्हात नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत एक पिढी समुद्रसपाटीजवळच्या ओब्रेगॉनला आणि पुढची सुमारे २,६०० मीटर उंचीवरच्या तोलुकाला पेरली. दोन्हीकडे टिकले तेच पुढे नेल्याने दिवसाच्या लांबीवर न अडणारे गहू हाती आले. फरसबी ज्या जातीची, त्या घेवड्याच्या बाबतीत उष्णतेचे काम कोलंबियातील आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राने पुढे नेले. वाळवंटी प्रदेशातल्या टेपरी घेवड्याशी संकर करून मिळवलेल्या उष्णता सोसणाऱ्या ओळी (निवडीतून पक्के केलेले वंश) त्याने २०१५ मध्ये जाहीर केल्या. त्या प्रामुख्याने वाळलेल्या दाण्यासाठी आहेत, त्यामुळे त्यांची सहनशक्ती कोवळ्या शेंगेच्या फरसबीत आणताना शेंगेचा गर आणि कोवळेपणा पुन्हा निवडून घ्यावा लागतो. आपल्याकडे अखिल भारतीय समन्वित भाजीपाला प्रकल्पात नवे वाण वेगवेगळ्या विभागांत अनेक वर्षे जुन्या मान्य वाणाशेजारी लावून पाहिले जातात.

चाचणीचे आकडे वाचताना तोडणीकडेही पाहावे. शेंग दोन-तीन दिवस उशिरा तोडली की वजन वाढते आणि दाणे फुगतात, आणि मग वाफ्याचे उत्पादन कागदावर चांगले दिसते. बाजारात मात्र शेंग मधोमध वाकवताच कट्‌कन मोडली पाहिजे. वाकून लवचिक राहिली, किंवा मोडताना कडेला दोरा लोंबला, तर वाशीच्या बाजारात ती पाटी मागेच राहते.

प्रश्न : ‘बिनशिरेची’ म्हणून घेतलेल्या फरसबीला उन्हाळ्यात शिरा निघतात. ही फसवणूक आहे का?
— एक भाजीविक्रेते, भायखळा

उत्तर : नेहमीच नाही. बिनशिरेच्या फरसबीचे श्रेय न्यूयॉर्क राज्यातील कॅल्विन कीनी यांना जाते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी हे वाण काढले. शिरा नसणे जनुकांवर ठरते, पण काही वाणांत जास्त तापमानात शिरा अंशतः परत येतात. स्थिरता केवळ टनांची नसते, ती अशी. उन्हाळ्यात माल लवकर तोडून घ्यायला सांगा, आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली तर हे कारण सांगायला हरकत नाही.

प्रश्न : कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि फरसबी एकच का? त्याचे बी घरी ठेवता येईल का?
— एक वाचिका, गिरगाव

उत्तर : वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जात एकच. वाघ्या पट्टेदार वाळलेल्या दाण्यासाठी लावतात, फरसबी कोवळ्या शेंगेसाठी. वाघ्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्याची किंमत एका गावच्या हवेमातीशी बांधलेली आहे. वरच्या पत्रांतला सगळा खटाटोप नेमका याच्या उलट दिशेचा आहे, आणि दोन्हींना आपापली जागा आहे.

बी जरूर ठेवावे. फरसबीत परपरागण फार कमी होते, आणि २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याची मुभा आहे. धोका रोगाचा आहे, कारण मोझॅक विषाणू आणि जिवाणूजन्य करपा बियांतून पुढच्या पिकात जातात. म्हणून पाने आकसलेल्या, ठिपके पडलेल्या झाडांचे बी घेऊ नये. फुलोऱ्याच्या वेळीच निरोगी झाडांना रंगीत दोरा बांधून ठेवावा आणि त्यांच्या शेंगा झाडावरच खुळखुळेपर्यंत वाळू द्याव्यात.